कॉम्प्युटरने लावलेली पंगत

माझ्याच हातांनी लिहिलेली ओळ मला वाचता येईना, तेव्हा आधी मला हसूच आलं. शनिवारची दुपार, बेंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या घराची माडी, गिरीअण्णाच्या खोलीतला कॉम्प्युटर, आईने जुन्या इरकलीचं शिवलेलं त्याच्यावरचं झाकण मी नुकतंच काढून खाटेवर टाकलेलं, आणि पडद्यावर ती ओळ. एकच. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिथे मावली नाही म्हणून खाली वळून पुन्हा अर्ध्यापर्यंत. कंस, कंसाच्या पोटात कंस, उभ्या रेघा, उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्हं, चांदण्या. साखरेच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही की सकाळी ओट्यावर जे दिसतं ते. आणि खाली हॉलमध्ये विलासकाका कॉफी पीत बसलेले. विलासकाका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दारातूनच ओरडले होते, "सकू, स्वल्प बदल आहे गं! सर्जापूर रोडवर राहायला गेलेली तीन घरं आलीयत नवीन. लांबची माणसं. त्यांना पण पहिल्या पंगतीत घाल. एका मिनिटाचं काम ना?" आणि मी जिन्यावरून ओरडले होते, "अर्ध्या!"

पाडव्यानंतरच्या रविवारी मंडळाचं जेवण असतं. म्हणजे उद्या. गविपुरममधला आमचा हॉल लहान, माणसं पुष्कळ, म्हणून दोन पंगती. पहिल्या पंगतीला तव्यावरच्या गरम पोळ्या. पुरणपोळ्याच, पण आम्ही इथली जुनी माणसं, तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी घोड्यावरून आलेली, आम्ही त्यांना होळिगे म्हणतो, आणि पुण्यामुंबईहून नोकरीला आलेले लोक ऐकून गालातल्या गालात हसतात, आणि मग चार खातात. दुसऱ्या पंगतीला त्याच, पण गार. आणि पंगत कोणती हे इतकी वर्षं विलासकाका दारात उभे राहून ठरवायचे. "तुम्ही या. तुम्ही थांबा. अहो तुम्ही थांबा म्हटलं ना!" मागच्या वर्षी दोन बायकांनी त्यांना त्याच दारात असं काही फैलावर घेतलं की ते घरी जाऊन दोन दिवस पडून राहिले. म्हणून या वर्षी मी म्हटलं, मी प्रोग्राम लिहिते. म्हटलं म्हणजे काय, मंडळाच्या बैठकीत उभी राहून म्हटलं, मोठ्याने. वर्षापूर्वीपर्यंत वर्गात हजेरीला "प्रेझेंट" म्हणतानासुद्धा माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. त्या दिवशी तो कुठून आला कोण जाणे. खुर्च्या वळल्या. विलासकाकांनी चष्म्यावरून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला वाटलं ते रडतात की काय. "कॉम्प्युटरनं काढलं म्हटल्यावर कोण भांडणार माझ्याशी?" ते म्हणाले. कोणीच नाही, काका. मीही तेच मनात धरून होते.

ती ओळ लिहिली तो दिवस मला लख्ख आठवतो, आणि ओळ आठवत नाही, ही काय गंमत. नववीची परीक्षा चालू होती, उद्या समाजशास्त्राचा पेपर, आणि मी इथे. माझा चुलतभाऊ गिरीअण्णा कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने मला पर्ल ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली, म्हणजे जेवताना शिकवली, पोळीच्या तुकड्यांनी. ताटात दहा तुकडे ठेवले आणि म्हणाला, "ही तुझी जमलेली माणसं. आता मला एक प्रश्न दे, ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही." मी म्हटलं, "करपलाय का?" त्याने करपलेले या बाजूला सारले, न करपलेले त्या बाजूला, आणि दोन्हीकडचे खाऊन टाकले. "झालं. एका ढिगाचे दोन. सगळा खेळ प्रश्नात आहे." आणि प्रश्न विचारायची ती भाषा, रेग्युलर एक्स्प्रेशन, तिच्यात उभी रेघ म्हणजे 'किंवा', टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर', चांदणी म्हणजे 'आधीचं कितीही वेळा', टिंबावर चांदणी म्हणजे 'मधे काहीही असो'. मधे काहीही असो! मला तर हे वाक्यच इतकं आवडलं की दिवसभर मी ते सगळ्यावर लावून बघत होते. घरापासून शाळेपर्यंत, मधे काहीही असो. आजपासून मी मोठी होईपर्यंत, मधे काहीही असो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी मंडळाच्या फाइलवर बसले. एका माणसाची एक ओळ: नाव, वय, राहतो कुठे, जेवणाच्या दिवशी काम काय. आणि माझा प्रश्न वाढत गेला. साठीच्या वरचा आहे का, किंवा दहाच्या आतला आहे का, किंवा मारतहळ्ळीसारख्या लांबच्या ठिकाणचा आहे का, जिथली बस चुकली की तासभर उभं राहावं लागतं. एकेक कंस उघडताना कानशिलं गरम होत होती. बोटं पुढे, डोकं मागे. एंटर दाबल्यावर एका क्षणात दोन पंगती पडद्यावर येऊन बसल्या, शहाण्या मुलांसारख्या. मी खुर्चीवरून उठून खोलीभर नाचले. समाजशास्त्रात मला बावन्न मिळाले.

पण त्या ओळीत आणखी एक तुकडा होता, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. आई वाढते. मंडळाच्या जेवणाला आई वाढते आणि तिच्याबरोबरच्या आणखी आठनऊ बायका वाढतात, कमरेला पदर खोचून, पहिली पंगत, दुसरी पंगत, आणि वाढणाऱ्या बायका मग जेवतात, म्हणजे कुठल्याच पंगतीत नाही. सगळे गेल्यावर, आतल्या खोलीत, भांड्यांच्या मधे. लहानपणी मी गुंडाळलेल्या सतरंजीवर आडवी पडून तिची वाट बघायचे. सतरंजीला ताकाचा आणि दुसऱ्यांच्या पायांचा वास यायचा. मी विचारायचे, "आई, तू कधी जेवणार?" ती म्हणायची, "वासानंच पोट भरलं गं." आणि मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की मोठ्या बायकांचं पोट वासाने भरतं, आपणही मोठे झालो की भरेल, केव्हा भरायला लागेल ते एक दिवस कळेल. माझा तो दिवस अजून आलेला नाही. मला वासाने भूकच लागते. तर मी काय केलं, कामाच्या रकान्यात जिथे 'वाढप' लिहिलंय ती माणसंही पहिल्या पंगतीत, असा एक तुकडा सगळ्यात आतल्या कंसात घालून दिला, आणि तोही सरळ नाही. 'व', मधे काहीही असो, 'प'. बघणाऱ्याला काय कळतंय! मलाच कळू नये इतका छान लपला. कॉम्प्युटरने काढलं म्हटल्यावर आई उद्या पानावर बसेल, गरम होळिगे खाईल, आणि का, ते कुणी विचारणार नाही. आईसुद्धा नाही.

आणि आता तीच ओळ माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. फोटोत स्वतःला पाठमोरं बघितल्यावर होतं तसं काहीतरी झालं, की ही वेणी माझीच, पण अशी दिसते? मारतहळ्ळी कुठे ते सापडलं. त्याच्या शेजारी एक उभी रेघ, सर्जापूर रोड, आणि घाईत आणखी एक उभी रेघ. एंटर. पहिली पंगत: सगळे. दुसरी पंगत: कोणी नाही.

"झालं का गं?" खालून आवाज.

"होतंय!"

"अर्धं मिनिट झालं की!"

मी पुन्हा एंटर दाबलं, जसं काही पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. सगळे. मी एक कंस हलवला, मग कोणीच नाही. परत आणला, सगळे. आणि तरी मला हसू येत होतं. अख्खं मंडळ पहिल्या पंगतीत, वाढायला कोणी नाही, सगळे पानांवर बसून एकमेकांकडे बघतायत. मग जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. शनिवारचा अर्धा दिवस संपवून गिरीअण्णा आला होता, आणि त्याच्या मागून विलासकाका, कपबशी हातात घेऊनच. काकांनी पडदा बघितला. "सगळे पहिल्या पंगतीत? आणि मी काय, हॉलवर मजला बांधू आज रात्रीत?"

गिरीअण्णा वाकून बघत राहिला. "अय्यो. हे कोण लिहिलं?"

"मी."

"मग वाच."

"वाच म्हणजे?"

"म्हणजे वाच. मोठ्यानं. भाजीवाल्याला समजेल असं."

मी वाचायला लागले. साठीच्या वरचे, किंवा दहाच्या आतले, किंवा मारतहळ्ळीचे, किंवा सर्जापूर रोडचे, किंवा. आणि थांबले. किंवाच्या पुढे काही नव्हतंच. ती जास्तीची रेघ. "किंवा काहीच नाही," गिरीअण्णा म्हणाला, "आणि काहीच नाही हे कुणाकडे नसतं? त्यामुळे सगळे आले." तो इतका खूश होऊन हसला, जसं काही काहीच-नाही त्याच्या ओळखीचं होतं. मी रेघ पुसली. पंगती दोन झाल्या. विलासकाकांनी कपबशी टेबलावर ठेवली आणि चष्मा नाकावर सारला. "बघू, मी कुठं आहे? पहिल्यात आहे ना अजून? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कॉम्प्युटरनं माझा नंबर पहिल्या पंगतीत काढला म्हणून."

"काका, तुम्ही अठ्ठावन्न ना?" गिरीअण्णा म्हणाला. "आणि राहता गविपुरमला, हॉलच्या मागे. तुम्ही पहिल्यात कसे? सकू, पुढे वाच. तो आतला कंस काय म्हणतो?"

आतला कंस. मी त्यावर बोट ठेवलं. व, मधे काहीही असो, प. आणि मला दिसलं: विलासकाकांच्या नावातल्या 'व'पासून थेट गविपुरमच्या 'प'पर्यंत, मधे त्यांचं वडिलांचं नाव, आडनाव, वय, सगळं ओलांडून त्या चांदणीने उडी मारली होती आणि काकांना उचलून पहिल्या पंगतीत आणून ठेवलं होतं. मी आईला आत घेण्यासाठी दार उघडलं होतं आणि कोण कोण शिरलं होतं ते बघितलंच नव्हतं. "तो," मी म्हटलं, "असाच आहे."

"असाच नसतो कंस." गिरीअण्णाने दुसरी खुर्ची ओढली. "हे बघ, मशीनला याचं काही नाही. त्याला एक ओळ दे, दहा दे. पण उद्या विलासकाका तुला विचारतील, परवा सर्जापूरवाले विचारतील. तोड याला. एकेक तुकडा एकेका ओळीवर. प्रत्येकाला नाव दे."

नाव दे. इतकं सोपं बोलून तो मोकळा झाला, आणि मी त्या दोघांच्या मधे बसून माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब विचार केला. तुकडा तोडायला काय, पण तोडला की त्याला नाव आलं, आणि नाव आलं की ते विलासकाका वाचणार. पुसून टाकावा का? कुणाला कळणार नाही. आई उद्या नेहमीसारखीच पदर खोचेल, तिला तर काही माहीतच नाही, तिचं काही जाणार नाही. कॉम्प्युटरच्या मागून गरम धुळीचा वास येत होता. खाली आईच्या पोळपाटाचा आवाज, उद्यासाठी कसलीतरी तयारी, नेहमीची. मला बैठकीतला माझा आवाज आठवला, तो खुर्च्या वळवणारा. तो आवाज आणि ही कंसात तोंड लपवलेली ओळ, ही दोन्ही एकाच मुलीची? मी टाइप करायला लागले. एका ओळीवर: लहान मुलं. दुसरीवर: वयस्कर. तिसरीवर: लांबचे. प्रत्येकीच्या समोर तिचा छोटासा पॅटर्न, पोरगा चड्डी घालतो इतका सोपा. चौथीवर मी लिहिलं: वाढणाऱ्या. आणि तिचा पॅटर्न फक्त शेवटच्या रकान्यात बघेल असा, दुसरीकडे उड्या मारायच्या नाहीत. खाली शेवटचं: यातलं काहीही असेल तर पहिली पंगत, नाहीतर दुसरी. प्रिंटर करवतीसारखा ओरडला. कडेची भोकांची पट्टी फाडून मी कागद विलासकाकांच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्याने वाचलं. त्यांना मोठ्यानेच वाचता येतं. "लहान मुलं. बरोबर. वयस्कर. बरोबर. लांबचे, मारतहळ्ळी, सर्जापूर रोड, सरी, सरी, बरोबर. वाढणाऱ्या." थांबले. "वाढणाऱ्या म्हणजे?"

"वाढणाऱ्या बायका. त्या पहिल्या पंगतीत."

"मग वाढणार कोण?"

"दुसऱ्या पंगतीतले."

"दुसऱ्या पंगतीत कोण आहे?"

"तुम्ही."

गिरीअण्णा खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"कॉम्प्युटरनं काढलं हे?" विलासकाका म्हणाले.

हो म्हटलं असतं तर! जिभेवर होतंच. "नाही काका. मी काढलं. कॉम्प्युटर फक्त वेगळं करतो."

तेवढ्यात आई रिकामी कपबशी न्यायला वर आली, पिठाचे हात पदराला पुसत. विलासकाकांनी कागद तिच्यापुढे धरला. आईने वाचला, आणि मला वाटलं होतं ती हसेल, डोळ्यांत पाणी आणेल, निदान सकू म्हणेल. ती म्हणाली, "काढ हे."

"आई."

"काढ म्हटलं ना. मी पानावर बसू आणि हे पुरुष वाढतील? सांडतील नुसते. लोक म्हणतील, पोरीला कॉम्प्युटर आला तर आधी आईला पानावर बसवलं."

"तुझं नाव कुठाय यात? दाखव." माझा आवाज मोठा झाला होता, तो बैठकीतला. "यात माणसांची नावंच नाहीत. जो वाढतो तो, एवढंच. पुढच्या वर्षी विलासकाका वाढपात नाव देतील तर तेही पहिल्या पंगतीत."

आईने पुन्हा कागद बघितला, बोट ठेवून, एकेक ओळ. तिला तिचं नाव सापडेना याचं तिला बरं वाटतंय की वाईट, हे मला तिच्या तोंडावरून कळेना. मग ती म्हणाली, "वासानं काय पोट भरतं का?" कुणाला म्हणाली कोण जाणे. कपबशी घेऊन खाली गेली.

विलासकाकांनी कागदाची चार घड्यांची घडी केली. "काय गं बाळ," ते म्हणाले, "कालपर्यंत मी पहिल्या पंगतीत होतो."

"चुकून होता, काका."

"चुकून का असेना, होतो की." आणि जिना उतरून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी रात्री नऊलाच झोपले आणि ठार झोपले. माझं तसंच आहे.

सकाळी हॉलच्या दारावर कागद भाताने चिकटवलेला होता. चारी घड्या दिसत होत्या. दाराशी ही गर्दी. पुण्याहून आलेली एक काकू "अगं हे वाच, हे वाच" करत दुसरीला ओढत होती, एक आजोबा चौथ्या ओळीवर काठी टेकवून म्हणत होते, "हे आमच्या वेळी नव्हतं," आणि कोणीतरी मागून म्हणालं, "तुमच्या वेळी तुम्ही पहिल्यातच होता, चला बसा." भांडणं झाली नाहीत असं नाही. झाली, पण कागदाशी झाली. नियमावर झाली. विलासकाकांशी कोणी भांडलं नाही कारण विलासकाकांच्या खांद्यावर टॉवेल होता आणि हातात कोशिंबिरीचं पातेलं, आणि ते सगळ्यांना हाकलत होते, "वाढप्यांना वाट द्या!"

आई भिंतीकडच्या टोकाला बसली होती, एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. मी दुसऱ्या पंगतीतली, त्यामुळे माझ्या हातात तूप. पुरुषांनी मीठ वाढायच्या जागी चटणी वाढली, चटणीच्या जागी काही नाही, गिरीअण्णाने एकाला दोनदा भात वाढला आणि शेजारच्याला विसरला. आई बसल्या बसल्या सांगत होती, "अरे डावीकडं! डावीकडं रे!" दोनदा अर्धी उठली, दोनदा शेजारच्या बाईने पदर ओढून बसवली. मग होळिगे आली, तव्यावरून थेट, वाफ निघणारी. मी तूप सोडलं. आईने घास घेतला. आणि नंतर ती काही बोललीच नाही. मीठ चुकलं तरी नाही. गुडघा केव्हा खाली आला ते मी बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती मांडी घालून बसली होती.

आमच्यात पंगत एकदम उठते. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही, हात वाळला तरी. पोरांचं झालं. आजोबांचं झालं. मारतहळ्ळीवाल्यांचं झालं, ते घड्याळ बघायला लागले. सर्जापूर रोडच्या तीन घरांचं झालं. दारात दुसरी पंगत पोटं धरून उभी. विलासकाकांनी पातेलं खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. आईच्या पानावर ताकभात होता. ती तो कालवत होती, बोटांनी, सावकाश, मधूनच लोणच्याला टेकवून, घास नीट करून, जसं घरात दुसरं कोणी नाही, जसं काम कुठलं राहिलेलंच नाही. अख्खी पंगत तिच्याकडे बघत थांबली होती. तिने मान वर केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि मला ताकाचं भांडं आणायची खूण केली.